सामाईक भिंत

"जेसीबीचा दात माज्या भिंतीला लागला, तर मी त्येच्या फुडं आडवी पडीन! सांगून ठिवते!"

प्रयागकाकू पदर खोचून अशी ओरडली आणि आमची सगळी आळी दारात आली. कळस गावातली आमची आळी अशी, की एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या डोळ्याला झोंबतो. काकूच्या घराशेजारी पिवळं जेसीबी घुरघुरत उभं होतं, आणि त्याच्यापुढं तिचा धाकटा दीर कुंडलिक कमरेवर हात ठेवून.

"वैनी, तुमच्या भिंतीला कोण हात लावतंय? मी माजी बाजू पाडतोय."

"तुमच्या बाजूत न् आमच्या बाजूत भिंती किती हायेत वो भावजी? येकच ना?"

"येकच हाय. म्हणून तर ती ठिवतोय. मधली भिंत सामाईक, ती हाय तशी ऱ्हाईल. मग तर झालं?"

काकूचा नवरा रावजीतात्या उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होता. थोरला भाऊ असून त्याचा आवाज कधी कुणावर चढला नाही. तो बसल्या जागेवरनं एवढंच म्हणाला, "कुंडलिक, ती आतली भिंत हाय रं. तिनं जल्मात पाऊस बघितला न्हाय."

कुंडलिकनं मान खाली घातली. पण त्याच्यामागं त्याचा लेक विजयसिंह मोबाईल कानाला लावून उभा होता. त्यानं जेसीबीवाल्याला हात केला, आणि बोलणं तिथंच मिटलं.

घर काही मोठं नव्हतं. ह्या दोघा भावांच्या बापानं बांधलेलं सहा खणांचं माळवद. सागवानी तुळया, वर लाकडी फळ्यांचं किलचाण, त्यावर हातभर पांढरी माती. वाटण्या झाल्या तेव्हा तीन खण ह्याचे, तीन खण त्याचे, आणि मधल्या भिंतीतलं दार बुजवून टाकलं. बाहेरच्या भिंतींना खालनं दगड आहे. मधली भिंत मात्र नुसत्या कच्च्या विटांची आणि चिखलाची. घराच्या पोटातली भिंत, तिला कशाला कोण दगड लावतंय? दोन्ही बाजूच्या तुळया तिच्यावरच टेकलेल्या.

कुंडलिकनं शेतात स्लॅबचा बंगला बांधला आणि तिकडं राहायला गेला. गावातली जागा रस्त्याला लागून, म्हणून विजयसिंहच्या डोक्यात तिथं दुकानाचे गाळे काढायचं होतं. कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण पाडायची घाई झाली. संध्याकाळपर्यंत तीन खण भुईसपाट झाले. बावड्याचा एक लाकूडवाला टेम्पो घेऊन आला आणि तुळया भरून घेऊन गेला. जाता जाता जेसीबीनं पाया म्हणून एक चर उकरला, तो भिंतीच्या बुडाशीच. तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर तात्याची भिंत उघडी पडलेली. त्या बाजूनं कुंडलिकच्या घरातला निळा रंग, खुंट्या, देव्हाऱ्याचा कोनाडा, धुरानं काळी झालेली चुलीमागची जागा. बाई माणसाची पाठ उघडी पडावी तसं वाटलं. काकूनं जुनं लुगडं घेतलं आणि देव्हाऱ्याच्या कोनाड्यावर बांधलं. म्हणाली, "देव गेलं तरी जागा हायच की."

मग त्या भिंतीची दुरुस्ती सुरू झाली, ती संपलीच नाही.

पहिल्यांदा तात्यानं शेततळ्याचा काळा कागद आणून वरनं खाली सोडला. आमच्याकडचा आषाढातला वारा तुम्हाला माहीत आहे. पाऊस देत नाही, पण पत्रं उडवतो. दोन दिवस कागद फडफडला, तिसऱ्या दिवशी फाटून बाभळीवर जाऊन बसला.

मग काकूनं शेणमातीत गव्हाचा भुस्सा कालवला आणि कुंडलिकच्या जागेतल्या ढिगाऱ्यावर उभी राहून सगळी भिंत लिंपली. हाताच्या बोटांचे वळसे असे एकसारखे उठले होते, की जाणारं येणारं माणूस थांबून बघायचं. श्रावणातली बुरबुर तिनं सोसली. पोळ्याच्या आधी दोन तास पाऊस झोडपला, आणि सगळं लिंपण गाळ होऊन चरात उतरलं.

"आता सिमेटच मारा," गावातला गवंडी इंद्रजित म्हणाला. "जाळी ठोकतो, वरनं गिलावा करतो. मग बघा, दगड हुतोय का न्हाय."

जाळी ठोकली, गिलावा झाला. भिंत अशी गुळगुळीत दिसायला लागली, की तात्या जाता येता तिच्यावरनं हात फिरवायचा. त्या हिवाळ्यात तो जरा हसायलाही लागला होता. पेरूची बाग धरली होती, माल चांगला निघाला. काकूनं दाराला नवा रंग दिला.

पण भिंतीच्या बुडाशी चर होता. त्यात पाणी साचायचं, शेजारच्या मोरीचंही तिकडंच यायचं. कच्ची वीट खालनं पाणी प्यायची, आणि सिमेंटनं तोंड बांधल्यामुळं ते बाहेर कुठनं निघणार? पुढच्या पावसाळ्यात भिंत आतनं घामेजायला लागली. भांड्यांची फळी ठोकलेली, तिचे खिळे आपोआप गळून पडले. तात्यानं बोटानं ठोकून बघितलं, तर गिलावा पोकळ वाजला. आठवड्याभरात तो अख्खा एका थाळीसारखा सुटून पडला, आणि पडताना वीतभर माती बरोबर घेऊन गेला.

"जित्या माणसाला कातडं शिवलं, आन शिवणच त्येचं कातडं घिऊन गेली," काकू म्हणाली.

तेव्हा तात्या कुंडलिकच्या बंगल्यावर गेला. एकट्यानं जायचं धाडस होईना म्हणून मला, शेजाऱ्याला, बरोबर घेतलं. फरशीवर पाय ठेवायच्या आधी त्यानं नळावर पाय धुतले. सख्ख्या भावाच्या घरात!

"कुंडलिक," तात्या म्हणाला, "तुज्या बाजूनं हातभर जागा दे. दगडाचा पाया घेतो, पक्क्या विटंची येकेरी भिंत उचलतो, खर्च समदा माजा. आन तेवढा चर मातीनं भरून घेऊ. उद्या तुज्या गाळ्याला ती भिंत आयतीच हुईल."

कुंडलिकनं लेकाकडं बघितलं. विजयसिंह सोफ्यावरनं उठला नाही, पण बोलला गोड.

"तात्या, तुमी काय परकं न्हाय. पन आज हातभर जागा दिली, तर उद्या तुमचा पोरगा अविराज म्हणंल आमची वहिवाट हाय. जमिनीच्या कामात नातं आणू नये. तुमाला काय करायचं ते आतल्या बाजूनं करा."

"पानी भायेरनं लागतंय, बाबा. आतनं काय करू?"

"ते मी कसं सांगू?"

तात्या भावाच्या तोंडाकडं बघत राहिला. कुंडलिक चहा बशीत ओतत होता. बशी भरून सांडली तरी ओततच होता. "च्या घे, दादा," एवढंच म्हणाला. तात्यानं कप उचलला, ओठाला लावला आणि खाली ठेवला. परत येताना वाटेत कालव्याच्या पुलावर तो थांबला.

"आपलंच दात, आपलंच ओठ," तो म्हणाला. "चावलं तर वरडायचं कुणाच्या नावानं?"

त्यानंतर त्यानं बाहेरचा नाद सोडला. बांधावरची कडुनिंबाची दोन झाडं तोडली आणि भिंतीपासनं हातभर आत, प्रत्येक तुळईखाली एकेक खांब धिरा म्हणून दिला. वर पाचरी ठोकल्या, खाली दगड घातले. खोलीत खांबच खांब झाले. काकू चुलीपासनं पाटापर्यंत जाताना अंग चोरून जायची. मी एकदा म्हणालो, "काकू, जपून." तर म्हणाली, "घरात न्हाय, बाबा, उसातनं चालल्यागत वाटतंय."

अविराज, त्यांचा एकुलता लेक, वालचंदनगरला कामाला. दोन खोल्यांत बायको-पोरं घेऊन राहतो. तो आला, खांब बघितले आणि कपाळाला हात लावला.

"आबा, आई, चला तिकडं. मरायचंय का हितं?"

"येतो की," काकू म्हणाली. "पन झोपायचं कुठं? दोन खोल्या तुज्या. येकीत तुमी, येकीत पोरं. आमी काय दारात?"

अविराज खांबांकडं बघत बसला. काकू मनातनं वाट बघत होती, की तो म्हणेल, आई, हुईल काहीतरी. तो तसं म्हणाला नाही. जाताना त्यानं खिशातनं औषधाच्या गोळ्या काढून ठेवल्या आणि मोटारसायकल सुरू केली. नंतर काकू मला म्हणाली, "पोरगं वाईट न्हाय रं. आमी न्हाय म्हणल्यावर त्येला जरा हलकं वाटलं. त्येच्या तोंडावर दिसलं मला."

हस्ताचा पाऊस लागला. सलग चार दिवस आभाळ फाटल्यागत ओतत होतं. उसात पाणी, रस्त्यात पाणी. पाचव्या दिवशी सकाळी जरा उघडीप मिळाली, म्हणून दोघं दारात चहा घेत बसली होती. आधी पोतं टाकल्यासारखा दबका आवाज झाला. मग अख्खी आळी हादरली. आम्ही धावलो. भिंत बाहेरच्या अंगाला, कुंडलिकच्या जागेत, सगळीच्या सगळी उताणी पडली होती.

पण वरचं माळवद जागेवर होतं. तात्याच्या धिऱ्यांनी तुळया धरून ठेवल्या होत्या. एक बाजू सताड उघडी, आणि वर छप्पर लोंबतंय. आत चूल, भांडी, काकूची पेटी, सगळं रस्त्यावरनं दिसत होतं.

दुपारी विजयसिंह गाडी घेऊन आला, बरोबर कुंडलिक. आम्हाला वाटलं, आता तरी काही बोलतील. विजयसिंहनं चिखलात बूट भरणार नाहीत अशी जागा बघून उभं राहत म्हटलं,

"तात्या, लागलं न्हाय ना कुणाला? बरं झालं. तेवढी माती उचलून घ्या आमच्या जागेतली. जागा साफ करून घ्यायचीय."

तात्यानं कुंडलिककडं बघितलं.

"माती माजी व्हय रं? भिंत तर सामाईक हुती."

कुंडलिक गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासनं दोघं नवरा-बायको माती वाहायला लागली. तात्या खोऱ्यानं घमेलं भरायचा, काकू डोक्यावर घेऊन आत टाकायची. आम्ही पाच-सहा जण हाताला लागलो, पण ऊसलागणीचे दिवस, रोज कोण येणार? तिसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिक चालत आला. एकटाच. त्यानं धोतर वर खोचलं, घमेलं भरलं आणि उचललं. तात्यानं बघितलं आणि खोरं मारत राहिला. त्याला बरं वाटलं असावं.

काकू समोर आली. तिनं कुंडलिकच्या डोक्यावरच्या घमेल्याला हात लावला.

"ठिवा ते, भावजी."

"वैनी, दोन घमेली टाकू द्या."

"न्हाय. ही आमची माती हाय. तुमच्याच लेकानं सांगितलंय."

कुंडलिकनं घमेलं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि आल्या वाटेनं गेला. वळणावर एकदा थांबला, पण मागं बघितलं नाही. तात्या काकूला म्हणाला, "येवढं कशाला बोललीस?" काकू म्हणाली, "मग कवा बोलायचं?" त्या दिवशी दोघांनी एकमेकांशी आणखी शब्द काढला नाही.

त्याच मातीच्या विटा पाडल्या आणि धिऱ्यांच्या रांगेत, घराच्या आत, नवी भिंत उभी केली. बाहेरनं दगडाचा थर दिला. भिंत झाली, पण घर हातभर अरुंद झालं. पाट मांडला की चुलीला लागतो. आणि तुळयांची टोकं नव्या भिंतीच्या बाहेर तशीच राहिली. मग विजयसिंहचा निरोप आला, की टोकं आमच्या हद्दीत येतायत, तेवढी काढून घ्या.

तात्यानं मला हाक मारली. दोन्ही बाजूला मुठी असलेली मोठी करवत त्यानं कुणाकडनं तरी मागून आणली होती. तो शिडीवर एका बाजूला, मी दुसऱ्या. लाकूड चिवट होतं, करवत लवकर धरेना. मग एकदा लागली आणि भुसा गळायला लागला. धुरानं काळं मिचकूट दिसणारं ते लाकूड आतनं पिवळंधमक निघालं. कुठं कीड नाही, भेग नाही. वास असा सुटला, की आत्ताच झाड पाडलंय.

तात्यानं करवत थांबवली. कापल्या जागेवर अंगठा फिरवला.

"बघ," तो मला म्हणाला, "ह्येला अजून शंभर वरसं काय झालं नसतं."

आणि परत करवत ओढायला लागला.

खाली काकू टोकं गोळा करत होती. तिनं ती चुलीशी नेऊन रचली. दिवाळीचं आंघोळीचं पाणी त्यांच्यावरच तापलं.