ओस्तोया म्हणजे राहणारा

मी एक जुने नाव आहे. हो, नावच. मला हात नाहीत, पाय नाहीत, गंज चढत नाही की वाळवी लागत नाही. कुणी हाक मारली की तेवढ्यापुरते मी असते. ओस्तोया हे माझे रूप. आमच्या डोंगरातल्या बोलीत त्याचा अर्थ राहणारा, टिकून असणारा. सर्बियाच्या पश्चिम टोकाला, द्रिना नदीच्या वरच्या अंगाला क्लेनोवो नावाचे गाव आहे. त्या गावात एके काळी मी नऊ घरांत नांदत होते. दारात उभे राहून 'ओस्तोया!' म्हटले की नऊ जण वळून बघायचे आणि त्यातले आठ जण चिडायचे.

मित्रांनो, मी हौसेने ठेवायचे नाव नव्हे. कानाला गोड लागावे म्हणून मला कुणी घडवले नाही. ज्या घरातला पाळणा वर्षाच्या आत रिकामा व्हायचा, त्या घरातल्या माणसांनी मला घडवले. पुढचे मूल जन्मले की त्याला माझ्या नावाने हाक मारायची, म्हणजे दर हाकेला त्याची विनवणी व्हायची, की राहा रे बाबा. माझी भावंडेही याच जातीची. झिव्को म्हणजे जगणारा. वूक म्हणजे लांडगा, कारण चेटकीण बाळाच्या वाटेला गेली तर तिला धडकी भरावी. तुमच्याकडे दगडू आणि धोंडू आहेत म्हणे. त्यांना माझा नमस्कार सांगा. आमचे दुखणे एकच आहे.

आता माझ्या शेवटच्या धन्याची गोष्ट सांगते.

त्याच्या आईचे नाव येव्रोसिमा आणि बापाचे स्पासोये. त्यांची तीन मुले एकामागून एक गेली. तुमच्याकडे बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. आमच्याकडे तो मान कूमचा. कूम म्हणजे रक्ताचा नव्हे, धर्माने जोडलेला नातलग. हे नाते पिढ्यान्‌पिढ्या चालते. चर्चमध्ये पाद्री विचारतात, 'बाळाचे नाव काय?' आणि कूमच्या तोंडून जे निघेल ते नाव. आईबापांनी चकार शब्द काढायचा नाही. पण मुले टिकत नसली की घराण्याच्या कूमचा हात लाभत नाही असे समजायचे, त्याची माफी मागायची आणि नवा कूम शोधायचा. तो कसा शोधायचा? पहाटे बाळाला चौरस्त्यावर ठेवायचे, बापाने झुडपाआड लपायचे, आणि पहिला जो येईल तो कूम. त्याला नाही म्हणता येत नाही.

स्पासोये झुडपाआड बसला. पहिली आली ती शेजारच्या मिलोयकाची बकरी. ती बाळाची दुलई चाटायला लागली तेव्हा स्पासोयेने कपाळाला हात लावला आणि तिला खडे मारून हाकलले. त्यानंतर घोड्यावर मडकी लादून तानासिये कुंभार आला.

"अरे, कोणाचं पोर हे? असं रस्त्यात टाकलंय!" तो ओरडला.

"माझं आहे," झुडपातून उठत स्पासोये म्हणाला. "चौथं. आधीची तीन गेली. तुम्ही पहिले आलात, आता तुम्हीच कूम."

"मी? अहो, मला बाजार गाठायचाय! आणि पहिली तर ती बकरी आली. मी लांबून बघितली की."

"बकरीला चर्चमध्ये घेत नाहीत."

तानासिये हसला, मग त्याने बाळाकडे नीट पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढली. मडकी तिथेच ठेवून तो चर्चपर्यंत चालत गेला आणि पाद्र्यांसमोर त्याने मला उच्चारले.

ते बाळ राहिले. गावाने पुढे ऐंशी वर्षे त्याला चिडवले, "तुझा खरा कूम मिलोयकाची बकरी!" येव्रोसिमा मात्र कधी त्या विनोदाला हसली नाही. तिच्या तोंडी मी दिवसातून शंभरदा यायचे. अंगणात, परसात, ओढ्यावर, ओस्तोया, ओस्तोया! मी हरखून जायचे. वाटायचे, केवढे हे माझे कौतुक! एवढ्या प्रेमाने कुठल्या नावाला कुणी हाक मारत असेल? माझी समजूत किती चुकीची होती ते मला फार उशिरा कळले.

मग युद्ध आले, गेले. रस्ता आला, दवाखाना आला, लस आली. मुले जगू लागली आणि लोकांना माझी लाज वाटू लागली. शहरात शिकायला गेलेल्या एका ओस्तोयाने सरळ कचेरीत जाऊन नाव बदलले. कुणी म्हणे, हे म्हाताऱ्याचे नाव. कुणी म्हणे, ऐकले की शेणाचा वास येतो. मला राग यायचा. ज्यांच्या पणजोबांना मी पाळण्यात धरून ठेवले तीच माणसे नाक मुरडत होती. नऊ घरांची पाच झाली, पाचांची दोन, आणि शेवटी उरला तो एकटा, शहाऐंशी वर्षांचा ओस्तोया. तो गेला की मी फक्त थडग्यावरच्या दगडावर उरणार, हे मला पक्के ठाऊक होते.

आणि तेवढ्यात मला आशा दिसली. ओस्तोयाचे घराणे मिलिसावच्या घराण्याचे पिढीजात कूम. मिलिसावला नातू झाला. चांगला चार किलोचा, वासरासारखा हंबरणारा. त्याला नाव ठेवायचा मान ओस्तोयाचा! कचेरीत नाव कळवायच्या मुदतीला आठ दिवस उरले होते. रविवारी चर्चमध्ये विधी ठरला. सगळ्या गावाला वाटत होते की म्हातारा बाळाच्या गळ्यात मलाच अडकवणार. मलाही तसेच वाटत होते. खोटे कशाला बोलू, मी देवाकडे तेच मागत होते.

मिलिसावला मी नको होते. तो आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली घेऊन म्हाताऱ्याकडे आला.

"कूम, ल्यूका हे नाव कसं वाटतं तुम्हाला?"

"कोणाचं?"

"असंच. टीव्हीवर ऐकलं."

"टीव्हीवर बरंच काय काय ऐकू येतं," ओस्तोया म्हणाला आणि त्याने बाटली ठेवून घेतली. मिलिसावने घरी जाऊन सगळ्यांना सांगितले की म्हातारा पटला. त्या भरवशावर त्याच्या बायकोने केकवर ल्यूका असे नाव घालायला सांगितले. कूमच्या आधी नाव ठरवायचे! आमच्याकडे याच्याइतकी मोठी चूक नाही.

शनिवारी दुपारी बाळाची आई दुन्या एकटीच म्हाताऱ्याच्या अंगणात आली. शहरात वाढलेली, बँकेत काम करणारी मुलगी. ओस्तोया लाल मिरच्या दोऱ्यात ओवत बसला होता. तीही समोर बसली आणि मिरच्या ओवू लागली. अर्धी माळ झाल्यावर तिने विषय काढला.

"आजोबा, उद्या बाळाला तुमचं नाव द्या."

माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. म्हाताऱ्याचा हात मात्र थांबला.

"तुमच्या घरात ल्यूका ठरलंय ना? केकसुद्धा आलाय म्हणे."

"केक गेला खड्ड्यात. आजोबा, याच्या आधी माझी दोन बाळं पोटातच गेली. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. सासूबाईंनाही नाही." तिला रडू आवरेना. "हा झोपला की मी उठून त्याचा श्वास बघते. दर दहा मिनिटांनी. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहे. पण मला धीरच धरवत नाही. तुमच्या आईची तीन गेली आणि तुम्ही राहिलात ना? मग तेच नाव द्या."

ओस्तोयाने मिरच्यांची माळ बाजूला ठेवली.

"पोरी, माझ्या आईने मला आयुष्यात एकदाही रागे भरलं नाही. एकदाही! मी शेजाऱ्याचे आलुबुखारे चोरले, खळ्यातल्या पेंढ्याला आग लावली, तरी नाही. बाकीची पोरं मार खायची, आणि माझी आई मला जवळ घेऊन छातीला कान लावायची. दिवसभर हाका मारायची. कामासाठी नाही गं. मी अजून आहे की नाही ते बघायला. मी ओ दिली की तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि लगेच पुन्हा हाक. माझ्या लग्नातसुद्धा ती जेवली नाही, माझ्याकडे बघत बसली. ती गेली तेव्हा मी पन्नाशीचा होतो. मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. आणि मग त्याच गोष्टीची लाज वाटून मी आठवडाभर रडलो."

मित्रांनो, ते ऐकून मी गार पडले. दिवसातल्या त्या शंभर हाका कौतुकाच्या नव्हत्या. ती भीती होती, आणि माझ्याच रूपाने ती त्या मुलाच्या कानावर आदळत होती. ज्याला मी धरून ठेवले म्हणून मिरवत होते, त्याला मी ऐंशी वर्षे सोडलेच नव्हते.

"म्हणजे तुम्ही देणार नाही?" दुन्याने विचारले.

"तुझी भीती खोटी नाही, पोरी. पण ती तुझ्यापाशी ठेव, माझ्यापाशी ठेव, नवऱ्यापाशी ठेव. पोराच्या गळ्यात बांधू नकोस. त्याला असं नाव हवं, की तुला त्या नावाने दणदणीत ओरडता येईल."

ती उठून गेली. तिला त्याचे म्हणणे पटले नव्हते.

रविवारी आमच्या रीतीप्रमाणे आई चर्चबाहेर थांबली. आत ओस्तोयाने बाळ हातात धरले होते. पाद्र्यांनी विचारले, "बाळाचं नाव काय?" आणि खरे सांगते, त्या क्षणी मी म्हाताऱ्याच्या जिभेपासून जितके दूर जाता येईल तितके दूर गेले.

"वेसेलिन," ओस्तोया म्हणाला. म्हणजे आनंदी.

पोरे बक्षिसाच्या आशेने बाहेर धावली, आईला नाव सांगायला. दुन्याने ते ऐकले आणि तोंड फिरवले. घरी मिलिसावच्या बायकोने सुरीने केकवरचे ल्यूका खरवडून काढले आणि उरलेला केक वाढला. तो दिवस कुणाच्याच मनासारखा गेला नाही.

दुन्या म्हाताऱ्याशी वर्षभर धड बोलली नाही. सुट्टीत गावी आली तरी फाटकाबाहेरूनच मान हलवायची आणि पुढे जायची. ओस्तोयाने कधी तिला समजावायला जायची घाई केली नाही. मुलाला तिसरे वर्ष लागले त्या उन्हाळ्यात मात्र एक गंमत झाली. वेसेलिन गवताच्या गंजीवर चढला आणि तिथून कोंबड्यांवर आलुबुखारे फेकू लागला. दुन्या स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"वेसेलिन! उतर खाली आधी, नाहीतर अशी एक देईन ना, की गालावर पिठाचा पंजा उमटेल!"

ती संतापली होती, आणि तिला कसलीच भीती वाटत नव्हती. कुंपणापलीकडे ओस्तोया डोळे पुसत हसत होता. तिने त्याच्याकडे पाहिले. मग कंबरेवर हात ठेवून तीही हसू लागली.

पुढच्या हिवाळ्यात माझा शेवटचा धनी गेला. आता मला कुणी हाक मारत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुणा पणजोबांचे, पणजीचे विचित्र नाव असेल तर त्याला हसू नका. ते कुणी ठेवले, का ठेवले, ते घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि ऐकताना त्यांचा हात धरा. त्या नावामागे कुणीतरी जीव मुठीत घेऊन बसलेले असेल. त्या माणसांची आठवण जरूर जपा. मला मात्र पुन्हा बोलावू नका. माझी गरज पडेल असे घर आता कुठे असूच नये, एवढेच माझे मागणे आहे.