खळ्यावरची भुरी

मी भुरी बोलतेय. एखाद्या म्हशीचं नाव वाटलं ना? वाटू द्या, माझी हरकत नाही. मी इंजिन आहे. खरं पाणी पिणारं, खरी वाफ करणारं, खरी शिट्टी देणारं. फक्त माझी लांबी तुमच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल, एवढंच. मोठ्या इंजिनांना हे 'एवढंच' फार मोठं वाटतं. मला कधी वाटलं नाही.

माझा जन्म विलायतेतला. कुठल्या कारखान्यातला ते आठवत नाही, कारण तिथे आम्ही ढिगानं जन्मलो. अंगाला हिरवा रंग, चाकं लाल, पोटात पितळेचा बंब, आणि डोक्यावर एक लांबलचक धुराडं, जसं जगातल्या कुठल्याच इंजिनाला नसतं. मुलांना आवडावं म्हणून केलेली मी एक रंगीत थाप होते. गोंदियाच्या रेल्वे इंजिनांच्या शेडमधल्या एका गोऱ्या साहेबाबरोबर मी बोटीतून आले. सत्तेचाळीस साली साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या पेट्यांत माझ्यासाठी जागा उरली नाही. जाता जाता त्यानं मला खेमराजच्या हातात ठेवलं.

खेमराज छोट्या लाईनीचा ड्रायव्हर. गोंदियाहून अर्जुनीच्या जंगलातून चांद्याकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी तो चालवायचा. जातीनं कोहळी. त्याच्या वाडवडिलांनी गावोगावी तलाव बांधले. पाणी कुठून येईल आणि कुठे अडवायचं हे त्या घरात पोरांनाही कळे. सगळं घराणं पाणी राखणारं, आणि हा एकटाच त्याची वाफ करून उडवायला निघाला, असं भाऊबंद त्याला चिडवत. तो हसायचा आणि ड्यूटीवर जायचा.

मला त्यानं पहिल्यांदा उलटंसुलटं करून पाहिलं तेव्हाही तो असाच हसला. "हे इंजिन हाय का पानाचा डबा?" असं म्हणाला. मला राग आला, पण म्हणणं खोटं नव्हतं.

त्याचं खरं इंजिन म्हणजे भुरी. शेडमध्ये तिला नंबर होता, पण शेतकऱ्याच्या पोरानं जनावराला नाव द्यावं तसं त्यानं तिला नाव दिलं होतं. राखेनं आणि धुळीनं ती कायम भुरकटच असे. सुट्टीच्या दिवशी तो गावी यायचा, ओसरीत बसायचा आणि मला भुरीसारखी करायला घ्यायचा. आधी माझं ते लांब धुराडं कापलं. मग पत्रा गुंडाळून नवं आखूड धुराडं झाळलं. दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या बसवल्या, मागे कोळशाची पेटी. पितळेची तार वाकवून हाताला धरायच्या दांड्या केल्या, चढायला पायऱ्या केल्या, पुढच्या दिव्याला एका फुटक्या बांगडीची काच लावली. टाचण्यांची डोकी कापून, एकेक करून, माझ्या अंगावर रिव्हेट म्हणून चिकटवली. कानस अंगावरून फिरते तेव्हा गुदगुल्या होतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण रोज थोडं खरं होत जाण्यात एक सुख असतं, ते मात्र मी भोगलं.

बाकी वेळ मी फळीवर असायचे. घरात नव्या तांदळाचा वास, बाहेर धानाची खाचरं, इकडे त्यांना बांध्या म्हणतात, आणि बांध्यांच्या पलीकडून जाणारी खरी भुरी. तिची शिट्टी आली की माझा बंब आतून थरथरायचा. मग मी तिच्या मागून निघायचे, मनातल्या मनात. सागाची झाडं दोन्हीकडून वाकून पाहताहेत, डब्यांच्या टपावर प्रतापगडच्या जत्रेची माणसं बसलीत, तलावाचं पाणी रुळाबरोबर चालतंय. फळीवर बसून मी जेवढा प्रवास केला तेवढा पुष्कळ खऱ्या इंजिनांनी केला नसेल.

मला चालायला स्पिरिट लागतं, ते गावात कुठून मिळणार? खेमराजनं पहिल्या धारेची मोहाची आणून माझ्या बंबाखालच्या दिव्यात घातली. निळी, शांत ज्योत धरली तिनं. घरात बाटली दिसली म्हणून शेजारची जमुनाबाई त्याच्या नावानं बोटं मोडायची. त्या माउलीला काय ठाऊक, की पिणारी मी होते. आणि मोहाच्या वाफेवर पडलेली स्वप्नं काही औरच असतात.

मग काही वर्षांनी खेमराजच्या डोळ्यांनी, त्याच्या बोलीत डोऱ्यांनी, दगा दिला. डाक्टरनं दूरचे दिवे दाखवले. लाल कुठला आणि हिरवा कुठला, त्याला सांगता येईना. ज्याला सिग्नल कळत नाही त्याला इंजिनावर कोण ठेवील? त्याला आधी शेडमधलं हलकं काम दिलं, पुढे तेही झेपेना, आणि तो कायमचा गावी आला. पाठोपाठ त्याचा फायरमन सुकराम भेटायला आला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं हळूच सांगितलं, की भुरीलाही मोडीत काढायला नेलं.

खेमराजनं रिकामी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी तिले जाताना कवा पायलंच नाही गा. जवा पाहा तवा मी आतच होतो."

मी फळीवरून ऐकत होते. इतकी वर्षं त्यानं भुरी हाकली, तिचा श्वास न् श्वास ओळखला, पण रुळाच्या कडेला उभं राहून, समोरून धडधडत जाणारी आपली भुरी त्यानं कधीच पाहिली नव्हती. आता ती उरली नव्हती आणि डोळेही दिवसेंदिवस विझत होते. त्या दिवसापासून मी खेळणं राहिले नाही. अगदी हुबेहूब भुरी व्हायचं आणि तो पुरता आंधळा होण्याआधी त्याच्या डोळ्यांसमोरून एकदा जायचं, हे माझं आयुष्य झालं.

त्यानं हात आवरता घेतला नाही. मला उजेडाकडे उचलून, नाकाला लावून तो काम करायचा. बैलगाडीचं जू लागून भुरीच्या टाकीला पडलेला पोचा त्यानं माझ्या टाकीला पाडला. दिव्याची काजळी तेलात कालवून मला काळं केलं. खरा कोळसा बारीक कुटून पेटीत भरला. चुन्याच्या निवळीनं टाक्यांवर पांढरे ओघळ काढले, कारण भुरी नळाखाली पाणी घ्यायची तेव्हा सांडलेलं पाणी वाळून तसे डाग पडत. मी इतकी मळकी आणि इतकी देखणी कधीच नव्हते. धान निघालं, खळं सारवलं, की त्यावर रूळ मांडायचे आणि मला सोडायचं, असं ठरलं. पिंपांच्या पट्ट्या वाकवून रूळसुद्धा तयार होते.

आणि दसरा आला.

खेमराजची बायको मनकर्णाबाई फार कामाची बाई. दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजायची, ही रीत. विळे, कुदळी, नांगराचा फाळ तिनं घासले. गुंड, घागरी चिंच आणि राख लावून लखलखीत केल्या. शेडमध्येही दसऱ्याला इंजिनं धुऊन हार घालतात, हे तिनं नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. मग ड्रायव्हरच्या घरचं इंजिन मळकं कसं ठेवायचं? खेमराज तलावाकडे गेलेला पाहून तिनं मला खाली घेतलं, कोळसा ओतून टाकला, आणि मूठभर चिंच घेऊन जी घासली म्हणता! काजळी गेली, तिच्याखालचा उरलासुरला हिरवा रंग गेला, ओघळ गेले, टाचण्यांची डोकी पाण्याबरोबर मोरीत गेली. मला ओरडायला वाफ नव्हती. शेवटी मला पाटावर बसवून, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून तिनं मनोभावे हात जोडले.

खेमराज आला, पाटापुढे बसला. त्याला पिवळं काहीतरी चमकताना दिसलं असावं. त्यानं माझ्यावरून बोटं फिरवली. मी गुळगुळीत होते.

"काय वो, कोनं धुतली इले?"

"मीनं. दसरा हाय ना आज."

"तूनं माहे डोरे धुवून टाकले," तो म्हणाला आणि उठून गेला.

तो आवाज चढवून बोलला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. सणाचं ताट तसंच राहिलं. मनकर्णाबाई मोरीत बसून चिखल चाळत राहिली, पण टाचण्यांची डोकी काही हाती लागली नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं झालं. मी फळीवर नवरीसारखी चमकत होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती. पुन्हा सगळं करायचं म्हटलं तर त्याला आता सुईएवढी वस्तू दिसत नव्हती.

एका दुपारी मनकर्णाबाईच मला घेऊन ओसरीत आली. बाजूला काजळी, चुना, आणि वाटीत पातळ केलेली लाख. तिनं नवऱ्याला सांगितलं की तो सांगेल तसं ती करील. तो म्हणाला, राहू दे, आता कायले? तेव्हा ती जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही.

"तुमी केली होती तशी भुरी नव्हतीच जी. तुमी दोन्हीकडून पांढऱ्या धारा काढल्या. तिले धारा तलावाकडच्याच बाजूनं होत्या. गावाकडून ते कोरडी राहे. अन् तिच्या छपराच्या मागच्या कोपऱ्याले धूर लागून राहे, तो तुमी काढलाच नाही."

"तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पाहिजे? तुमी आत होते. मी बांधीत होती."

खरंच की! रुळाला लागून, दोन्ही अंगांनी, त्यांची बांधी. रोवणीला, निंदणीला, कापणीला ती धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या बांधावर, उभी असायची आणि भुरी तिच्या समोरून जायची. खेमराजला जे पाहायचं होतं ते ती सबंध संसारभर पाहत आली होती, आणि त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं.

मग ते दोघं कामाला लागले. तिचे डोळे, त्याची बोटं. टाचण्या नव्हत्या म्हणून तिनं बंबापासून दूर, मागच्या पेटीवर, लाखेत मोहरीचे दाणे बसवले. इंजिनाला मोहरी लावतात काय, म्हणून तो कुरकुरला. पण बोट फिरवून पाहिल्यावर लाखेची वाटी त्यानंच तिच्याकडे सरकवली, कारण माप बरोबर होतं. खराट्याच्या काडीनं तिनं एकाच बाजूला ओघळ काढले. काम करताना ती सांगायची, भुरी चढावर कशी मान खाली घालून यायची, धुकं असलं की आधी नुसता दिवा कसा दिसायचा. तो ऐकायचा. त्या दिवसांत मी फळीवर एकदासुद्धा स्वप्न पाहिलं नाही, कारण गरजच पडली नाही.

धान निघालं. खळं शेणानं सारवून गुळगुळीत झालं. रूळ मांडले. पण तोवर खेमराजला उजेड आणि सावली एवढंच कळू लागलं होतं. आपल्याला उशीर झाला, हे त्या दोघांना ठाऊक होतं आणि मलाही. तरी मनकर्णाबाईनं माझा दिवा पेटवला. पाणी उकळलं, मोहाचा वास खळ्यावर पसरला, आणि मी निघाले. खेमराज रुळाच्या कडेला उकिडवा बसला होता. माझं अंग त्याच्या गुडघ्याजवळून गरम श्वास टाकत गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. तो माझ्या आवाजाबरोबर मान फिरवत राहिला आणि मनकर्णाबाई हळू आवाजात सांगत राहिली: आली, वळली, आता धारा दिसतात, आता धूर.

जरा वेळानं त्यानं विचारलं, "अन् ड्रायवर?"

"इच्यात कुठं हाय ड्रायवर?"

"इच्यात नाही वो. तिच्यात. कसा दिसे?"

मनकर्णाबाईनं बांध्यांपलीकडच्या खऱ्या रुळांकडे पाहिलं. मी एक पूर्ण फेरी मारून आले.

"धुरानं कारा," ती म्हणाली. "डोक्याले दुपट्टा बांधून. समोरच पाहे. एवढे साल मी धुऱ्यावर उभी राहत होती, पन त्यानं एक डाव मान वळवली नाही."

"सिंगल पाहा लागते वो."

"मालूम हाय मले," ती म्हणाली.

पाणी संपलं आणि मी थांबले. भुरी काही त्याला दिसली नाही. माझ्या हातून जे व्हायचं होतं ते झालं नाही, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी खेमराजनं तिच्याकडून तलावाची चिकणमाती मागवली. सकाळभर ओसरीत बसून, नुसत्या बोटांनी, त्यानं बोराएवढ्या डोक्याचा एक माणूस केला आणि चुलीतल्या राखेत भाजला. मनकर्णाबाईनं त्याला काजळी लावली, चिंधीचा दुपट्टा बांधला, आणि माझ्या आत उभा करताना तिला दिसलं की त्याची मान सरळ नाही, बाहेर वळली आहे. तिला वाटलं, भाजताना वाकडी झाली. तिनं तसं म्हटलंही. खेमराज म्हणाला, तशीच केली. तिनं त्याला तसाच उभा केला. पदराचं टोक डोळ्यांना लावून उठली आणि चुलीकडे गेली.

आता साठ साल आहे. खेमराजला उजेडही कळत नाही. माझा बंब झिरपतो, एक चाक लंगडतं, मोहरीचे काही दाणे उंदरांनी नेले. सुकराम मागे लागलाय की गोंदियाला एक कसबी माणूस आहे, त्याच्याकडून मला दुरुस्त करून आणतो. मी जाईन. त्या कसबी माणसाला, आणि पुढे ज्याच्या कुणाच्या हाती मी पडेन त्याला, माझं एकच सांगणं आहे. बंब बदला, चाकं बदला, मोहरी काढून खरे रिव्हेट लावा. ड्रायव्हरनं समोर पाहायचं असतं हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. तरी त्याची मान तेवढी सरळ करू नका. धुऱ्यावर कुणीतरी उभं आहे.