कळवलेल्या व्यक्तीचे नाव

सुमित मंगळवारी घरी आला नाही. बुधवारी सकाळी त्याची आई कांता माझ्या दारात आली तेव्हा तिच्या हातात जेवणाचा डबा होता. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात ती धागे कापायला जाते. त्या दिवशी निघाली होती आणि अर्ध्या वाटेतून परत फिरली होती.

"बाई, त्याचा फोन बंद लागतोय. कालपासून."

मी महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, म्हणून शहाडची आमची सगळी चाळ मला बाई म्हणते. कांता लग्न होऊन आली तीही बाईच म्हणायला लागली. तिचा नवरा उत्तम लोंढे सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ती आणि सुमित दोघंच. सुमित चोवीस वर्षांचा, डोंबिवलीला एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये कामाला, असं तिने मला सांगितलं होतं, आणि तिला सुमितने.

आम्ही दोघी जवळच्या पोलीस स्टेशनला गेलो. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "भांडण झालेलं का घरात?"

"नाही हो."

"मग मुलीबिलीचं काही?"

"तसला नाही तो."

"सगळ्यांच्या आया असंच म्हणतात. उद्यापर्यंत थांबा, येईल. नाही आला तर फोटो घेऊन या."

कांता थांबायला तयार होती. पोलिसाने थांब म्हटल्यावर थांबायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. माझ्या नाही. गुरुवारी सकाळी मी तिला घेऊन कल्याण कोर्टासमोरच्या मेघनाच्या ऑफिसात गेले. मेघना माझी विद्यार्थिनी, आता चाळिशीची, वकील.

"या बाई. तुम्ही मला पाढे येत नाहीत म्हणून व्हरांड्यात उभं केलेलं. मी बघा, तुम्हाला खुर्ची देतेय," ती म्हणाली. मग कांताचा चेहरा बघून तिने हसणं आवरलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"दवाखाने बघितले?"

"तीन बघितले," मी म्हटलं.

"मग आता दुसरी यादी बघू. राग मानू नका, कांताताई. पोलिसांच्या वेबसाइटवर रोज अटक झालेल्यांची नावं टाकतात. कुणालाही बघता येतात."

कांता म्हणाली, "त्याचं नाव कशाला असेल तिथे?"

"नसेल तर बरंच आहे ना."

मेघनाने कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. आधी डोंबिवलीची पोलीस स्टेशनं, मंगळवारची तारीख. नावं एकाखाली एक, नावापुढे वय, पत्ता, कलम. कुणी टिटवाळ्याचा, कुणी बिहारचा. काही नुसती नावं, आडनाव नाही. मेघना बोटाने माऊसचं चाक फिरवत होती आणि नावं वर सरकत होती.

मला अशी एक यादी आठवते. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसं रस्त्यावर उतरली, त्यात माझे यजमान बाबुराव होते. कल्याणहून त्यांना उचललं आणि ठाण्याच्या जेलमध्ये नेलं. आम्हाला कुणी कळवलं नाही. पण सगळ्यांना ठाऊक होतं की ते कुठे असणार. आम्ही पंचवीस-तीस बायका जेलच्या भिंतीला टेकून बसलो होतो. दुपारी एक म्हातारा शिपाई दिंडी दरवाजातून कागद घेऊन बाहेर आला आणि नावं वाचू लागला. एकेक नाव वाचलं की कुणीतरी बाई "हां" म्हणायची. त्याने बाबुराव वाचलं तेव्हा मी उभी राहिले, बसून "हां" म्हणणं मला बरं वाटलं नाही. शेजारची अनोळखी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "जय भीम, ताई." तेरा दिवसांनी ते सुटले तेव्हा चाळीने हार आणला होता. त्या यादीत नाव नसतं तर मला वाईट वाटलं असतं.

"सुमित उत्तम लोंढे, वय चोवीस, राहणार शहाड," मेघनाने वाचलं.

डोंबिवलीच्या यादीत तो नव्हताच. मेघना एकेक पोलीस स्टेशन उघडत ठाण्यापर्यंत पोहोचली होती.

"हाच," मी म्हटलं.

कांताने पदराने स्क्रीनवरची धूळ पुसली. ती नावावर नव्हती, बाजूला होती.

मेघनाने दोन फोन केले. नौपाड्यातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. तिथून सात मुलं निवृत्त माणसांना फोन करायची. पेन्शन बंद होईल, कार्ड बंद होईल असं घाबरवून त्यांच्याकडून कार्डाचे नंबर काढून घ्यायची. मंगळवारी दुपारी तिथे धाड पडली. बुधवारी सातही जणांना कोर्टापुढे उभं करून दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली होती.

"बँक नव्हती ती?" कांताने विचारलं.

"नव्हती."

"पण तो सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचा."

मेघनाने पिशवीत कागद भरले आणि आम्ही तिघी ठाण्याला निघालो.

तिथल्या पोलीस स्टेशनात काळुराम नावाचे हवालदार होते, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. मेघना कडक आवाजात म्हणाली, "घरच्यांना कळवलं का नाही? दोन दिवस आई दवाखाने पालथे घालतेय."

"मॅडम, कोण म्हणतं कळवलं नाही? तीन वेळा फोन लावला. आजी, तुम्हीच सांगा, लागत नाही फोन तर मी काय दवंडी पिटू शहाडला?"

त्यांनी अटकेचा कागद पुढे केला. एका रकान्यात लिहिलं होतं: कळवलेल्या व्यक्तीचे नाव. त्यापुढे माझं नाव होतं. कलावती बाई, शेजारी. खाली माझा नंबर आणि शेरा, फोन लागत नाही.

तो माझा घरातला फोन. आमच्या चाळीत पहिला आला तो माझ्याकडे, एक्क्याण्णव साली. सगळ्यांचा पी.पी. नंबर, म्हणजे निरोपासाठी द्यायचा शेजारचा नंबर, तोच. नोकरीच्या अर्जावर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेच्या मागे, सगळीकडे माझा नंबर. गावाकडून कुणी गेल्याचा फोन आला की मी गॅलरीत उभी राहून हाक मारायची. पुढे मोबाइल घरोघरी आले तरी मी चाळीतल्या लहान मुलांना ओट्यावर बसवून तो नंबर पाठ करून घ्यायची. हरवलात तर पोलिसमामाला हा सांगायचा. सुमित तेव्हा पाच वर्षांचा होता. एक आकडा चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा.

कांताच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा बाई, मोबाइल काढून घेतला असेल, माझा नंबर कुठला पाठ असायला. पोराला तुमचा आठवला."

मेघना कागदाचा फोटो काढत हळूच म्हणाली, "बंद नंबरवर फोन लावून तसंच सोडून दिलंय. पत्ता होता, माणूस पाठवायला हवा होता. घरच्यांना खबर मिळाली नाही, हे उद्या कोर्टात मांडता येईल. अटकच बेकायदा म्हणता येईल. सुटू शकतो, कांताताई."

कांताने माझा हात धरला. तिचा हात गरम होता.

तीन वर्षांपूर्वी मी तो फोन बंद केला. त्यावर कुणाचेच फोन येत नव्हते, आले तर लोन हवंय का विचारणारे. अर्ज लिहिला मी, पण टेलिफोन ऑफिसच्या जिन्यावर माझे गुडघे चालेनात. तेव्हा फोनचा डबा घेऊन वर गेला सुमित. पावती घेऊन खाली आला तोही सुमित. तो नंबर लागणार नाही हे साऱ्या चाळीत सगळ्यात नक्की कुणाला ठाऊक असेल, तर त्याला.

शुक्रवारी ठाण्याच्या कोर्टात व्हरांड्यात सातही मुलं भिंतीशी बाकांवर बसवली होती. सुमितचा शर्ट तीन दिवसांचा, चुरगळलेला. कांताने त्याला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "दाढी नाही केलीस." त्याने मान खाली घातली. मेघनाने त्याला घाईत समजावलं, "साहेब विचारतील, घरी खबर दिली का. सांगायचं, नाही. एवढंच." मग कांता आणि ती वकीलपत्राच्या सहीसाठी टेबलाकडे गेल्या.

मी काळुरामना म्हटलं, "दोन मिनिटं बोलू?"

"बोला आजी. पळून जायला तुमचे पाय चालायचे नाहीत."

मी सुमितशेजारी बाकावर बसले. "फोन तू जमा केलास."

"हो बाई."

"मग?"

त्याने चुरगळलेली बाही ओढून सरळ केली. "ते म्हणाले कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं. आईला कळायला नको होतं. पण रिकामं ठेवायलाही नको वाटलं. कागदावर कुणीतरी असावं."

"ज्यांना फोन करायचास ती माणसं माझ्या वयाची होती का?"

"हो."

"बोलताना कळायचं?"

"आवाजावरून कळायचं. काही जणं 'बाळा' म्हणायची."

हे ऐकल्यावर मला त्याच्याजवळून उठून जावंसं वाटलं. मी उठले नाही.

"मी फोनचं कुणाला सांगितलेलं नाही," मी म्हटलं. "सांगणारही नाही. आत काय बोलायचं ते तुझं तू बघ."

आत न्यायाधीश तरुण होते. मेघना नीट बोलली. घरची माणसं दोन दिवस वणवण फिरली, पोलिसांनी बंद नंबरवर हात झटकले. सरकारी वकिलाने काहीतरी उलट सांगितलं. मग न्यायाधीशांनी सुमितकडे बघून विचारलं, "पोलिसांबद्दल तक्रार आहे?"

"नाही, साहेब."

"अटकेची माहिती घरी दिली होती का?"

मेघनाने त्याच्याकडे बघितलं. कांता माझ्या शेजारी मागच्या बाकाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात मांडीवर घट्ट.

"साहेब, त्यांनी विचारलं होतं. नंबर बंद आहे हे मला माहीत होतं. मीच तो दिला."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मेघना खाली बसली. चौदा दिवसांची न्यायालयीन कोठडी झाली. बाहेर आल्यावर मेघना म्हणाली, जामिनाचा अर्ज सोमवारी लावते, वेळ लागेल. तिच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता.

कांता माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं."

"काल कागद बघितला तेव्हापासून."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काल रात्री तू जेवली नसतीस," मी म्हटलं. ते खरं होतं, पण पुरं खरं नव्हतं. त्याने आत जाऊन खोटं बोलावं आणि सुटावं असं मलाही एका बाजूने वाटत होतं.

ती जिन्यापाशी उभी राहिली. मला वाटलं, ही आता माझ्याशी बोलणार नाही, आणि नाही बोलली तरी तिचं चूक नाही. खाली गाडीत मुलांना चढवत होते. ती माझ्या पुढून झपझप उतरली आणि थेट काळुरामसमोर जाऊन उभी राहिली.

"भेटायला कुठे यायचं?"

"जेलवर. आधार कार्ड आणा. त्याने भेटणाऱ्यांत नाव दिलं असेल तरच सोडतील."

गाडीच्या जाळीमागे सुमित बसला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, हाक मारली नाही. "देशील ना?" एवढंच विचारलं.

त्याने मान हलवली.

"तोंडाने बोल."

"कांता उत्तम लोंढे," तो म्हणाला. "आई."

गाडी गेल्यावर ती परत आली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. "चला बाई," ती म्हणाली. "सोमवारी परत यायचंय. कारखान्यात सांगायला पाहिजे."

"काय सांगशील?"

"आहे ते."