नागवेकर काकांचं लॉगिन

"तीन… शून्य… शून्य… सात," पलीकडून मथुराकाकी सावकाश सांगत होत्या, "मग आठ, आणि शेवटाला एक. झालं?"

"झालं, काकी."

ज्ञानेश्वरीने आकडे टाकले आणि पडद्यावर रोजच्यासारखं उमटलं: स्वागत, रघुनाथ नागवेकर.

"डब्यात काय आज?"

"भेंडी."

"कोकम घाल गो त्यात. तार धरायची नाय. ठेवू?"

"ठेवा."

फोन बंद झाला. बाहेर शेडमध्ये आंबे धुण्याच्या टाकीत पाणी सुटलं, आणि कारखान्याचा दिवस सुरू झाला.

रत्नागिरीच्या एमआयडीसीतला हा कारखाना हापूसचा रस काढून डब्यांत भरायचा. नागवेकर काका तिथे अगदी पहिल्या दिवसापासूनचे. कोठार त्यांच्याकडे, माल पाठवणं त्यांच्याकडे, आणि जेव्हा सगळा कारभार कॉम्प्युटरवर आला तेव्हा मालकांनी सांगितलं, "मुख्य लॉगिन नागवेकरांच्या नावावर करा." बिल कोणी करायचं, दर कोणी बदलायचा, कोणाला काय दिसावं, या सगळ्याच्या किल्ल्या त्यांच्या लॉगिनमध्ये. सकाळी त्यांनी सिस्टीम उघडून दिवसाचा लॉट टाकला की मग बाकीच्यांचं काम पुढे सरकायचं. आधी पासवर्ड, मग त्यांच्या मोबाइलवर येणारे सहा आकडे.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर चारच दिवसांनी काका गेले. सकाळी पडवीत बसून चपलेचा पट्टा लावत होते, तसेच बसल्या जागी कलंडले. पासवर्ड त्यांनी हाताखाली बिलं करणाऱ्या ज्ञानेश्वरीला कधीतरी सांगून ठेवला होता. पण आकडे जायचे ते त्यांच्या फोनवर, आणि फोन घरी. माल लादलेला ट्रक गेटपाशी बिलासाठी खोळंबलेला. सुतकातल्या घरी फोन करायला कोणी तयार होईना. शेवटी ज्ञानेश्वरीने केला. काकींचा आवाज ऐकल्यावर तिला पुढे बोलवेना.

"आकडे पायजेत ना?" काकीच म्हणाल्या. "थांब, बघते. ते बोलायचे, आकडे आल्याशिवाय गाडी हलत नाय."

तेव्हापासून हे रोजचंच झालं.

दिवाळीच्या सुमारास सॉफ्टवेअर कंपनीतल्या माणसाने ज्ञानेश्वरीला फोनवर समजावलं होतं. सेटिंगमध्ये जायचं, वापरणाऱ्याचं नाव निवडायचं, ओळख पटवायची पद्धत बदलायची. दुसरा नंबर टाका, नाहीतर अंगठ्याचं यंत्र जोडा. "दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम." तिने ते पान उघडलंही होतं. पण नंबर खोडायच्या आधी तिला वाटलं, काकी त्या घरात एकट्या. मुलगा विनीत मुंबईला, तो रविवारचा फोन करणार. सकाळी कोणीतरी आपली वाट बघतंय, आपल्यावाचून कोणाचंतरी अडतंय, एवढाच त्या बाईला आधार. तो आपल्या हाताने कसा तोडायचा? तिने पान बंद केलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

तिचा स्वतःचा नवरा, संदेश, बोटीवर. सहा-सहा महिने समुद्रात. फोन लागला तर लागला. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. डब्यात काय आहे हे तिला विचारणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. पण हे मात्र तिने कधी मनाशीही बोलून दाखवलं नाही.

यंदा मालकांची मुलगी ऋतिका पुण्याचं शिक्षण संपवून कारखान्यात बसायला लागली. ऐन मे महिन्यात, माल धो धो येत असताना, तिने ज्ञानेश्वरीला केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, सोमवारी परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येतायत. मी काल सगळी बिलं बघत होते. काका जाऊन इतके महिने झाले. अजून रोज त्यांच्या नावाने बिलं निघतायत."

"हो."

"आकडे येतात कुठून?"

ज्ञानेश्वरीने सांगितलं. ऋतिका रागावली नाही.

"मला वाईट वाटतंय ताई, पण असं नाही चालणार. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करा. पासवर्डनंतर कोणाला अंगठा, कोणाला मोबाइलवर आकडे, ज्याला जे जमेल ते. आणि काकांचं बंद करा."

"उद्याच करते."

हे फोनवर सांगणं तिला जमणार नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसला न जाता स्कूटर घेऊन भाट्याच्या पुलावरून पलीकडे गेली. काकांची वाडी रस्त्यापासून खूप खाली, कातळ उतरून माडांच्या गर्दीत. तिथवर चिऱ्यांची पाखाडी जाते, एकेक पायरी गुडघ्याएवढी. काकांच्या बाराव्याला आली होती तेव्हा ज्ञानेश्वरीलाच चढताना दम लागला होता.

स्कूटर लावून ती वळली, तर पाखाडीच्या डोक्याशी, दगडी कुंपणाच्या गडग्यावर, कोणी बाई उन्हाला छत्री धरून बसलेली. गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं. एका हातात काकांचा बटणांचा जुना फोन, डोळ्यांजवळ धरलेला.

"काकी?"

मथुराकाकींनी वर बघितलं. "अगो, तू? मी तुझ्याच फोनाची वाट बघत्ये. आज मेसेज नाय आला अजून."

"पण इथे? उन्हात?"

"खाली रेंज कुठं हाय? विहिरीशी एकदा लागली होती, ती पण गेली. हा गडगाच काय तो चांगला."

फोनवर रोज वारा ऐकू यायचा, कावळे ऐकू यायचे. ज्ञानेश्वरीला वाटायचं, काकी घरापुढच्या खळ्यात बसून बोलतायत.

"रोज चढून येता?"

"मग काय करू? हळूहळू येत्ये. वाटेत त्या आंब्याखाली बसत्ये जरा."

"आणि गुडघा?"

"डॉक्टर बोल्ले चढू नका. त्यांचं काय जातंय बोलायला?"

ज्ञानेश्वरी त्यांच्या शेजारी गडग्यावर बसली. चिरा आतापासूनच तापला होता. कसं सांगायचं याची तिने पुलावरून येताना जुळवाजुळव केली होती. त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना.

"काकी, हे मला दिवाळीतच बंद करता आलं असतं," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास द्यायची गरजच नव्हती. मला वाटलं, फोन थांबला तर तुम्हाला एकटं वाटेल. म्हणून नाही केलं."

काकींचं अंग हसण्याने गदगदलं, आवाज न होता.

"आणि मी चढून येत्ये ती कशाला? त्या पोरीचं अडायला नको म्हणून. पयल्या दिवशी तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, आपण नाय बोल्लो तर ही तिकडं रडत बसेल."

खाली माडांच्या झावळ्या हलत होत्या. काकींनी छत्री थोडी ज्ञानेश्वरीच्या बाजूला कलती केली.

"खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या. "नुसतं तुझ्यासाठी पण नव्हतं. तू फोन ठेवलास तरी मी बसायचे इथं. सकाळचं घरात बसवत नाय. आणि मेसेजात सुरवातीला त्यांचं नाव असतं ना गो. शेजारच्या वेदिकानं वाचून दाखवलंन होतं. रोज त्यांच्या नावाचं काहीतरी यायचं." त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "आज बंद करणार?"

"हो. पण बंद करायला पण एकदा आकडे लागतील. शेवटचे."

"मग मी बसत्ये. तू जाऊन फोन कर."

"नाही," ज्ञानेश्वरी उठली. "तुम्ही चला माझ्याबरोबर. ऑफिसात."

"ह्या लुगड्यावर?"

"चांगलं आहे लुगडं."

इतक्या वर्षांत काकींनी कारखाना कधी बघितला नव्हता. काकांनी कधी नेलं नाही, त्यांनी कधी म्हटलं नाही. ऑफिसात शिरल्यावर त्या दाराशीच थबकल्या. ऋतिका केबिनमधून बाहेर आली, काही न विचारता तिने काकांची खुर्ची पुढे ओढली. त्या खुर्चीवर तोवर कोणी बसत नसे. ज्ञानेश्वरीसुद्धा बाजूला स्टूल घेऊन काम करायची. काकी अगदी कडेला टेकल्या, मग थोड्या मागे सरकल्या.

ज्ञानेश्वरीने पासवर्ड टाकला. काकींच्या हातातला फोन वाजला.

"दोन," काकींनी वाचायला सुरुवात केली. सवयीने त्या मोठ्याने बोलत होत्या, पलीकडच्या माणसाला ऐकू जावं तशा. "नऊ… नऊ… चार…"

आकडे गेले. ज्ञानेश्वरीने मुख्य हक्क आपल्या नावावर घेतले, यंत्रावर स्वतःचा अंगठा टेकवला. मग काकांचं नाव उघडलं. खाली दोन बटणं होती.

"ह्यात काय लिवलंय?" काकींनी विचारलं.

"एकात लिहिलंय काढून टाका. दुसऱ्यात, निष्क्रिय करा."

"काढून टाकलं तर नाव जाईल?"

"जाईल. मी दुसरं करणार आहे. त्यांनी केलेली बिलं त्यांच्याच नावावर राहतील, काकी. फक्त नवीन काम त्यांच्याकडे येणार नाही."

काकींनी विचार केला.

"म्हंजे रिटायर झाले म्हण की."

"हो. तसंच."

"मग कर. मेल्यावर पण सुट्टी नव्हती माणसाला."

ज्ञानेश्वरीने बटण दाबलं. नाव होतं तिथेच राहिलं, फक्त करडं झालं. काकी त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी टेबलाच्या कडेवरून, जिथे काकांचं कोपर घासून रंग उडाला होता तिथून, एकदा हात फिरवला आणि उठल्या.

ऋतिकाने चहा मागवला होता, तो त्यांनी उभ्यानेच घेतला. "रविवारी येते मी, खाली घरी," ज्ञानेश्वरी म्हणाली. "फोनाची वाट बघत वर येऊन बसू नका."

"ये. येताना मासळी घेऊन येऊ नको हां. आमच्याकडं ताजी मिळते. नुसती ये."

दोघी शेडमधून बाहेर आल्या. आंबे कापणाऱ्या बायकांचे हात थांबले नाहीत, पण बोलणं थांबलं. काकींना घरी सोडायला ज्ञानेश्वरीने स्कूटर सुरू केली. काकी मागे एका बाजूला बसल्या आणि पदर खांद्यावरून ओढून घेतला.

गेटवर बाळा वॉचमन होता. स्कूटरवाल्यांसाठी तो बाजूचं छोटं दार तेवढं उघडायचा. मोठं गेट मालाच्या ट्रकांचं नाहीतर मालकांच्या गाडीचं. त्याने काकींना बघितलं. तोंडातला तंबाखू थुंकून आला, टोपी नीट केली, आणि मोठ्या गेटचा अडसर काढून एक कवाड या बाजूला आणि दुसरं त्या बाजूला पार भिंतीपर्यंत ढकलत नेला. मग बाजूला सरळ उभा राहिला.

तेवढ्या मोठ्या उघड्या वाटेतून स्कूटर सावकाश बाहेर पडली. काकी समोर बघत होत्या, पाठ ताठ.