पात्यामागचा माणूस

डोंगरीत लग्नाचा मांडव पडायचा, तर आधी अंगणातून उर्मिलाचा छोटा ट्रॅक्टर फिरायचा. ट्रॅक्टर तसा बबनचा. पण त्याच्या गुडघ्यांनी क्लचला नकार दिला आणि सीटवर बायको बसली. बबन मागे गेला. मागे म्हणजे सपाटीच्या पात्याला अगदी खेटून. पात्याच्या वरचा दांडा पिळाचा. आखडला की पातं माती खातं, लांबवला की नुसतं कुरवाळतं. उर्मिलाने ट्रॅक्टर थांबवून, मागे वळून हाताने सांगायचं आणि बबनने दांडा पिळायचा. बोलून उपयोग नव्हता. बबनने एक कान कधीच त्या इंजिनाला वाहिला होता.

होळीच्या आधी वरसाव्याला एक प्लॉट सपाट करताना तो अजून वाकलेलाच होता आणि तिने ट्रॅक्टर मागे घेतला. पातं त्याच्या पोटरीला घासून थांबलं. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. बबन हसलासुद्धा. उर्मिलाला मात्र त्या दिवशी भाकरी धड थापता येईना.

"त्या दांड्याच्या जागी हायड्रॉलिकचा जॅक बसवायचा," ती म्हणाली. "लिव्हर माझ्या हाताशी. ट्रॅक्टरचं तेलच दांडा आत-बाहेर करेल. तुम्ही मागे उभं राहायचं नाही."

"आन् मी काय करू? खुर्चीत बसून टाळ्या वाजवू?"

"वाजवा. हातपाय तरी शाबूत राहतील."

मग घरात बरेच दिवस फक्त टीव्ही बोलला. शेवटी बबन कबूल झाला, पण पाइप मी जोडणार म्हणाला. रुसलेल्या माणसाला एवढं तरी द्यावं, असं उर्मिलाला वाटलं.

पुढच्या कामाच्या दिवशी, मांडवाच्या अंगणातच, शांती नगरचा मेकॅनिक धाकू बबनने जोडलेले पाइप तपासायला आला. त्याने लिव्हर ओढून पाहिली आणि हसू लागला.

"काका, पाइप उलटे लागलेत. ओढली की पात्याने खायला पाहिजे. आपण सगळ्यांना तसंच करून देतो. तुमचं ओढल्यावर सोडतंय." त्याने पाना काढला.

बबन कुंपणाकडे बघत होता. "ऱ्हाऊ दे हाय तसं."

उर्मिलाने नवऱ्याकडे पाहिलं. याने मुद्दाम तर केलं नसेल? जॅक फसला की पात्यामागे जायची वाट पुन्हा मोकळी. इतक्या वर्षांच्या संसाराला ही शंका शोभत नव्हती, पण आली.

"थांब धाकू. आधी मी बसते."

अंगणाच्या मधोमध उंचवटा होता. तिथे पोचताच, तिने काही ठरवायच्या आत हात लिव्हर दूर ढकलून मोकळा झाला आणि पातं मातीत घुसलं. उंचवटा सरला, तसा हात आपसूक पोटाशी आला. पातं कुरवाळू लागलं.

कोपऱ्यात पोचून ती थांबली. हात दूर लोटला की 'खाऊ दे', पोटाशी घेतला की 'पुरे'. इतकी वर्षं मागे वळून ती बबनला हेच सांगत आली होती. हे कुणी शिकवलं नव्हतं, तिनेही कधी ठरवलं नव्हतं. तिच्या हाताकडे एवढं बघणारा एकच माणूस होता.

तिने इंजिन बंद केलं. "मला सांगितलं का नाही?"

"तुझाच हात हाय. मला वाटलं, तुला ठाव असंल."

"काकी, उद्या दुसरा कोणी बसला तर फसेल हां," धाकू म्हणाला. "लिव्हरपाशी रंगाने बाण तरी काढून ठेवा."

"दुसरा कोन बसतोय?" असं पुटपुटत बबन हात झटकून फाटकाकडे निघाला.

"कुठे निघालात?"

"आता माजं काय काम हितं?"

उगाच समजूत घालणं उर्मिलाला जमत नसे. "सीटवरून पातं दिसतं, उतार दिसत नाही," ती म्हणाली. "मांडवात पाणी साचलं की शिव्या मला बसणार. पुढे उभे राहा. लांब, पण मला दिसाल असे."

बबन कुरकुरत पुढे जाऊन उभा राहिला. एक डोळा मिटून त्याने जमीन न्याहाळली. "डावीकडं चढ हाय गो."

"कुठल्या डावीकडे? तुमच्या का माझ्या?"

तो विचारात पडला. आजवर कामात दोघांची तोंडं एकाच दिशेला असायची. शेवटी त्याने चढाच्या दिशेने हात उचलला. उर्मिलाने इंजिन सुरू करायच्या आधी तो हात नीट बघून घेतला.