तीस मिनिटांचा तास

सकाळचा उजेड आमच्या शाळेत घाईने येत नाही. मोराव्हा नदीवरचे धुके विरू लागले की तो आधी आलुबुखाराच्या निष्पर्ण फांद्यांवर थबकतो, मग धुरकट काचेतून आत झिरपतो, बाकांच्या कडा उजळत, खडूची धूळ हलकेच सोनेरी करत, भिंतीभिंतीने व्हरांड्यापर्यंत येतो. तिथे, मित्रांनो, सर्वांत शेवटी जी पितळी कड चमकते, ती माझी. मी या शाळेचे जुने घड्याळ.

एका वृद्ध कारागिराने मला घडवले. पुढे कित्येक वर्षे देसांका मावशी माझ्याकडे पाहूनच घंटा देत आल्या. माझी वेळ चुकत नाही, असे सारे गाव म्हणे, आणि ते ऐकून मी फुगून जात असे.

त्या हिवाळ्यात वर्गांतल्या शेगड्यांना सरपण उरले नाही. मुले आणि शिक्षक कोट घालूनच बसत. अखेर विदोसावा बाईंनी संपाची हाक दिली. कायद्याने तो हक्क त्यांना होता. अट एवढीच, की संपातही शिकवणे थांबवू नये; तास तोकडा करावा, पण तीस मिनिटांच्या खाली नेऊ नये. नेला, तर नोकरी गेली.

"मावशी, काट्यावर डोळा ठेवा हं," बाई म्हणाल्या. "जरा इकडेतिकडे झालं तर मुख्याध्यापक मला कच्ची खातील."

"खाऊ देत की! दात कुठे उरलेत त्यांना?"

आठला तास सुरू झाला. माझा मोठा काटा सहावर येताच मावशींनी घंटा दिली. मुख्याध्यापक ग्वोझ्देन मनगटावरचे घड्याळ पुढे करून दारातच उभे होते.

"पंचवीसच मिनिटं झाली! बाई, कायदा तर तुम्हालाच तोंडपाठ होता ना?"

"सर, भिंतीवर बघा की! साडेआठ झालेत."

मावशी माझ्याकडे निरखून पाहू लागल्या. "अहो, ह्याचा काटा उतारावर घसरतोय! बारापासून सहापर्यंत पुढे पळतो, आणि चढावर मागे रेंगाळतो."

"वा! म्हणजे घड्याळालाही चढावर दम लागतो तर!" सर हसले. "नऊला रेडिओशी ताडून बघू."

नऊला रेडिओचे ठोके पडले, तेव्हा माझे काटे अगदी जागच्या जागी होते. "घड्याळात खोट नाही. म्हणजे काटा चुकीचा वाचून घंटाच लवकर दिली," सर म्हणाले, आणि सर्वांनी माना डोलावल्या. मला, खरे सांगतो, अभिमान वाटला. बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला अजून सोसत नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढले. मुलांचा निरोपही न घेता त्या फाटकाबाहेर गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा, पण त्यांना अधूनमधून उघडून पाहा, सैल झालेले आवळा. ज्याच्या शब्दावर कोणाचे पोट अवलंबून आहे, त्याला केवळ जुना म्हणून खरा मानू नका.

सरांचेच घड्याळ मागे असेल, मावशींचा चष्मा जुना असेल, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. माझा काटा सैल होता. घंटा झाली, तेव्हा साडेआठ वाजलेच नव्हते.