दसऱ्याला उतरवलेलं इंजिन

“अहो, हे लाल लाल काय वाहतंय?”

साधना दारात उभी होती. तोरणासाठी घेतलेले झेंडू तिच्या हातात होते, आणि पोर्चच्या फरशीवरून एक लाल ओघळ तिने सकाळीच काढलेल्या रांगोळीकडे निघाला होता. सुबोध साखळी धरून उभा होता. भाड्याने आणलेला लोखंडी घोडा, घोड्याला कप्पी, कप्पीला साखळी आणि साखळीला गाडीचं इंजिन. ते धड गाडीत नाही, धड बाहेर नाही, असं त्रिशंकू होऊन लटकलं होतं.

“तेल आहे,” तो म्हणाला.

“पण तेल तर काल काढून टाकलंत ना तुम्ही?”

“ते इंजिनाचं. हे गिअरबॉक्सचं.”

“गिअरबॉक्सला तर हातही लावणार नव्हतात!”

साधना उत्तरासाठी थांबली नाही. फुलं पायरीवर टाकून ती आत पळाली, जुनी वर्तमानपत्रं आणि दोन पंचे घेऊन आली आणि सणासुदीची साडी खोचून फरशीवर बसली. तेल ऐकेना. रांगोळीचं कमळ भिजवून ते फाटकाखालून रस्त्याकडच्या गटारापर्यंत पोचलं. शेजारचे चिनी मिस्टर को फाटकाशी आले. सत्तरीचे गृहस्थ, घरात तीन मांजरी.

“ए मिस्टर! ऑइल गोइंग टू द ड्रेन, यू नो! लेटर पीपल कम्प्लेन, हाउ?”

बोलत बोलतच ते घरात गेले, मांजरींच्या शी-शूसाठी वापरतात त्या मातीची अख्खी पिशवी घेऊन आले आणि गटाराच्या तोंडाशी ओतली. तेल तिथे थांबलं. मग त्यांनी मान वर करून लटकत्या इंजिनाकडे पाहिलं.

“यू रिपेअर युवरसेल्फ, आह?”

“येस,” सुबोध म्हणाला.

“फर्स्ट टाइम?”

सुबोधने नुसती मान हलवली. रिकामी पिशवी घडी करून मिस्टर को निघून गेले, आणि सुबोधला वाटलं, त्यांनी चार शब्द सुनावले असते तरी बरं झालं असतं.

आता एक सांगायला हवं, की सुबोध खांबेटे मेकॅनिकल इंजिनिअर होता. म्हणजे पदवी तशी होती. पुण्याला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासता घासता त्याच्या हाताला फोड आले, ते बरे झाले, आणि त्यानंतर त्याने जन्मात पाना धरला नाही. वर्गातली निम्मी मेकॅनिकल मंडळी सॉफ्टवेअरमध्ये गेली, तसा तोही गेला. सिंगापुरात त्याने वीस वर्षं बँकांचे कॉम्प्युटर सांभाळले. पण पदवी कुठे पुसली जाते? तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणाचा कुकर फुसफुसला, कुणाच्या बाळाच्या ढकलगाडीचं चाक अडलं, की हाक ठरलेली: “अरे, सुबोधला बोलवा! मेकॅनिकल आहे तो!” आणि स्वारी तोऱ्यात जायची. कुकरची रिंग बदलायला पदवी लागत नाही, हे त्याने कधी कुणाला कळू दिलं नाही.

एप्रिलमध्ये कंपनीने त्याचा सगळा विभागच दुसऱ्या देशात हलवला. पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, होता म्हणून गाशा गुंडाळावा लागला नाही, इतकंच. पहिला महिना त्याने इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर काढला. बावन्न वर्षांच्या माणसाला कोण विचारतो? पुढे पुढे उठायचंच जड व्हायला लागलं. साधना तोआ पायोहच्या ऑफिसात गेली की तो पुन्हा आडवा व्हायचा, आणि ती परत यायच्या आत घाईघाईने आंघोळ उरकून, केस विंचरून बसायचा. दिवसभर काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून. मंडळात साधना सांगायची, “हे सध्या कन्सल्टिंग करतात.” ते ऐकलं की सुबोधला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खोडूनही काढवत नसे.

“मंडळातल्या अभयला विचारून बघा ना,” साधना म्हणायची. “त्याच्या किती ओळखी आहेत.”

“इथे नवखा आला तेव्हा ज्याला मी विमानतळावरून घरी आणला, महिनाभर जेवू घातला, त्याच्यापुढे आता हात पसरू?”

“हात कसले पसरायचे त्यात? विचारायचं फक्त.”

“नाही म्हणजे नाही.”

विषय तिथेच संपायचा.

गाडी साधनाची होती, अगदी तिचीच. ती सत्तेचाळिसाव्या वर्षी चालवायला शिकली, परीक्षेत दोनदा आपटली, तिसऱ्यांदा पास झाली आणि स्वतःच्या बोनसमधून तिने ही चंदेरी सेकंडहँड गाडी घेतली. शनिवारी भाजी आणायला म्हणून निघायची आणि सेम्बावांगच्या समुद्रापर्यंत जाऊन यायची. “जरा लांबचं पडलं,” म्हणायची. मेथीची जुडी आणायला समुद्र कसा वाटेत लागतो, हे सुबोधने कधी विचारलं नाही. तिचा चेहराच असा फुललेला असायचा.

मग गाडीखाली तेलाचे डाग पडायला लागले. आंग मो किओ भागातल्या गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं. इंजिनाच्या पाठचं तेल अडवणारं रबरी सील गेलंय, ते बदलायला अख्खं इंजिन उतरवावं लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीवर तो खर्च करू नका, भंगारात द्या, असं त्याने सरळ सांगितलं. साधना सगळा रस्ता गप्प राहून गाडी घरी घेऊन आली. तिचं ते गप्प बसणं सुबोधला सहन होईना.

“हॅ! इंजिन उतरवायला असं काय लागतं?” तो बोलून गेला. “मी उतरवतो.”

साधनाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. “उतरवा,” म्हणाली.

यिशुन भागाच्या कडेच्या या जुन्या बैठ्या घराची लीज संपत आली होती. पुढे फ्लॅटमध्ये जायचं होतं, आणि तिथल्या कारपार्कमध्ये असले उद्योग कुणी करू देत नाही. तेव्हा आत्ता नाही तर कधीच नाही. सुबोध दुसऱ्या दिवशी सात वाजता उठला. व्हिडिओ पाहिले, पान्यांचा संच आणला, काढलेला प्रत्येक बोल्ट मसाल्याच्या जुन्या डबीत घालून डबीवर नाव चिकटवलं. चहा पिता पिता शीळ घातली. दसऱ्याला इंजिन बाहेर, रविवारी नवं सील, सोमवारी साधना गाडीने ऑफिसला. असा सगळा बेत होता.

आणि बेत फसला तो क्लचपायी. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एका जुन्या जीपचं इंजिन कापून ठेवलेलं होतं. बोल्ट सोडले, की इंजिन गिअरबॉक्सपासून सरळ ओढून घ्यायचं, हे त्यावरून प्रोफेसरांनी शिकवलेलं. सुबोधच्या डोक्यात तेच इंजिन होतं. पण साधनाची गाडी ऑटोमॅटिक. तिच्यात क्लचच्या जागी तेलाने भरलेला एक डबा असतो, आणि तो इंजिनाला आणखी काही बोल्टांनी जखडलेला असतो. ते खालच्या एका भोकातून आधी सोडायचे असतात. व्हिडिओत हे होतं. नेमका तोच भाग सुबोधने पुढे ढकलला होता. “हे आम्हाला सेकंड इयरला होतं,” असं साधनाला ऐकवून, वर! त्यामुळे इंजिन ओढल्यावर तो डबाही गिअरबॉक्समधून उपसून बाहेर आला, आणि तेल पोर्चभर.

दुपारी त्याने डबा जागेवर ढकलायचा प्रयत्न केला. इंजिन थोडं पुढे, थोडं खाली, पुन्हा पुढे. बसेना. मग चिडून त्याने खांदा लावून जोर दिला. आतून काड्कन आवाज आला. गिअरबॉक्सच्या तोंडाशी बोटभर तडा गेलेला त्याला हाताने चाचपता आला. आता नवं सील आणून उपयोग नव्हता. गाडी संपली होती, आणि ती त्याने संपवली होती. हे साधनाला सांगायचं कसं? तो पुठ्ठा पसरून जॅकवर उचललेल्या गाडीखाली पार आत सरकला आणि काम चालल्यासारखा पडून राहिला. वरच्या नळ्यांमधून मधूनमधून एखादा थेंब त्याच्या छातीवर पडत होता.

संध्याकाळी अभय आणि त्याची बायको नीलिमा सोनं द्यायला आले. दरवर्षी यायचे. अभय गाडी लावायला जागा शोधत होता, म्हणून नीलिमा एकटीच फाटकातून आत आली. सुबोधला खालून फक्त पाय दिसत होते. नीलिमाच्या सँडल, आणि दारातून बाहेर आलेले साधनाचे जोडवी घातलेले पाय.

“अगंबाई! साधनाताई, ही तुमची गाडी? आणि सुबोधदा कुठायत?”

“हात धुवायला गेले असतील मागे,” साधना म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

“पण तुम्ही करूच कसं दिलंत हे? केवढा जीव तुमचा हिच्यावर!”

साधनाने आवाज खाली आणला. “अगं, हे जमणार नाही ते मला त्याच दिवशी कळलं होतं. आमच्याकडे नळ गळला तरी प्लंबर येतो.”

“मग?”

“मग काय? पाच महिन्यांनी माणूस आपणहून सकाळी उठला. चहा मागितला. पाना सापडेना म्हणून माझ्याशी भांडलासुद्धा! नीलिमा, रोज ऑफिसातून निघताना मला भीती वाटायची गं. दार उघडल्यावर काय बघायला मिळेल, याची. गाडी जाते तर जाऊ दे. माणूस उठला पाहिजे.”

नीलिमाच्या सँडल जोडव्यांच्या आणखी जवळ गेल्या.

गाडीखाली सुबोधला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. आपण हिला गाडी परत देतोय म्हणून तो आठवडाभर शीळ घालत होता. आणि हिने ती गाडी पहिल्याच दिवशी सोडून दिली होती, तो अंथरुणातून उठावा म्हणून. आंघोळ करून, केस विंचरून बसायचं सोंग तिने रोज ओळखलं असणार. त्याचं तोंड लाजेने गरम झालं. तिथेच पडून राहावं, मंडळी जेवून जातील, अंधार पडेल, असंही मनात आलं. पण पाहुणे घरात गेल्यावर साधना त्याला शोधणार आणि इथे सापडणार, हे त्याहून वाईट होतं. तो पुठ्ठ्यासकट सरकत बाहेर आला.

साधनाने त्याला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. नीलिमाने पदर उगाचच सारखा केला. तेवढ्यात अभय आला, हातात आपट्याऐवजी आणलेल्या कांचनाच्या पानांची पिशवी.

“सोनं घ्या सुबोधदा, सोन्यासारखे राहा!” तो पायाशी वाकला.

“अरे, नको, पाय तेलकट आहेत,” सुबोध मागे सरला. पण अभयची बोटं लागली होतीच. ती त्याने हळूच रुमालाला पुसली.

“आज एकदम गॅरेजच काढलंय! बाकी कन्सल्टिंग काय म्हणतंय?”

“काही नाही म्हणत,” सुबोध म्हणाला. “नाहीये कन्सल्टिंग. कधीच नव्हतं. एप्रिलमध्ये नोकरी गेली माझी, तेव्हापासून घरी आहे.”

अभयने पानांच्या पिशवीत पाहिलं. “माहीत होतं, सुबोधदा.”

“कधीपासून?”

“मे असेल.”

“मग दर वेळी विचारायचास ते?”

“नाही विचारलं तर तुम्हाला कळलं असतं ना, आम्हाला माहिती आहे म्हणून.”

सुबोधने मान डोलावली. म्हणजे सगळं मंडळ त्याच्यासाठी इतके महिने नाटक करत होतं, आणि तो एकटाच समजत होता की नाटक आपण करतोय.

“आता विचारू नकोस,” तो म्हणाला. “कुठे काम असलं तर सांग.”

“एक आहे,” अभय चाचरत म्हणाला. “तोआ पायोहला. पण सहा महिन्यांचं, आणि साधं आहे हो, डेटा तपासायचा. तुम्हाला कमीपणा वाटेल.”

“वाटेल. पण येतो मी.” मग तो साधनाकडे वळला. तिच्याकडे पाहवत नव्हतं, तरी पाहिलं. “साधना, गाडी गेली. गिअरबॉक्सही फोडला मी.”

“कळलं होतं,” साधना म्हणाली. “स्वयंपाकघरात आवाज आला.” तिचे डोळे भरले होते, पण ते तिने पुसले नाहीत. “हात धुवून या. पुऱ्या गार होतायत.”

सोमवारी सकाळी भंगारवाल्याचा ट्रक आला. गाडी वर चढवली, इंजिन तिच्या मागे दोराने बांधलं. साधना बघायला थांबली नाही, तिला उशीर होत होता. सुबोधने कागदावर सही केली आणि धावत जाऊन तिला बसस्टॉपवर गाठलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. नखांच्या कडांत अजून तेल होतं, म्हणून त्याने हात फाइलखाली धरले होते.

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. साधना खिडकीपाशी बसली, डबा मांडीवर. पुढे सिग्नल लाल झाला. ड्रायव्हरने ब्रेक लावायच्या जरा आधीच साधनाचा उजवा पाय जमिनीवर हलकेच दाबला गेला. सिग्नल सुटला, पाय सैल झाला. पुढचा स्टॉप जवळ आला, पुन्हा दाबला गेला. सुबोध तिच्या चपलेकडे बघत होता. तिच्या ते लक्षात आलं, आणि तिने पाय हळूच सीटखाली मागे घेतला.